आठ वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर नखरा कशाला हवाय?

"बाकी कुणाही पालकांची तक्रार नाही." गेल्या पंधरा दिवसांत मुलीच्या डान्स क्लासमध्ये हे वाक्य मला चार वेळा ऐकवलं गेलंय आणि प्रत्येक वेळी डोक्यात तिडीक गेलीये. बाकीचे गप्प आहेत म्हणून मीही गप्प बसायचं?

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिच्या डान्स क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात तिच्या बॅचला जे गाणं दिलंय, ते पुरुषांना खुणावणाऱ्या एका बाईचं गाणं आहे. शब्द तसे, स्टेप्सही तशाच. ओठ चावायचा, डोळा मारायचा, छातीवरून कंबरेपर्यंत हात फिरवत आणायचा. परवा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तिनं मला विचारलं, "आई, सर म्हणतात चेहऱ्यावर नखरा दिसत नाही. नखरा म्हणजे काय गं?" मला उत्तर देता आलं नाही. नखरा म्हणजे काय हे जिला माहीत नाही, तिच्याकडून तो घोटून घेतला जातोय, दिवसाला वीस वेळा!

हे सरांना सांगितलं तर म्हणाले, "लहान आहेत हो, त्यांना कुठे काय कळतं? लोकांना क्यूट वाटतं." अहो, तिला कळत नाही हीच तर माझी तक्रार आहे! जे तिला कळत नाही ते तिच्या अंगावर चढवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आणि एक गोष्ट तिला नक्की कळते. कुठल्या स्टेपला शिट्ट्या पडतात, ती. तालमीला आलेले मोठे लोक कंबर हलवली की हसतात, टाळ्या वाजवतात, मोबाइल वर करतात. पण तिनं कष्टानं बसवलेली ती सुरेख गिरकी? तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. आपलं शरीर लोकांनी बघण्यासाठी असतं, हे शिकायला मुलीला शब्दांची गरज लागत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं २००७ सालीच या विषयावर अहवाल काढला होता. मुलींकडे अशा नजरेनं बघायला लावण्याचा संबंध त्यांना वाटणारी स्वतःच्या शरीराची लाज, खाण्याच्या तक्रारी आणि नैराश्य यांच्याशी असल्याचं त्यात मांडलंय. इतकी वर्षं झाली तरी आम्ही अजून 'क्यूट'वरच अडकलोय.

बरं, गाणं बाजूला ठेवा. त्या मुलांच्या शरीराशी जे चाललंय ते बघून तर माझा जीव वरखाली होतो. वॉर्मअप म्हणून दोन उड्या मारल्या की लगेच स्प्लिट, म्हणजे दोन्ही पाय विरुद्ध दिशांना फाकवून जमिनीला टेकायचं. पोर खाली जात नसेल तर मागून खांदे दाबायचे. एका मुलीच्या दोन्ही मांड्यांवर मोठ्या मुलीला उभं केलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ती रडत होती आणि तिला सांगितलं जात होतं, "दुखल्याशिवाय अंग मोकळं होत नाही."

कुणी शिकवलं हो हे? वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक थर असतो, ग्रोथ प्लेट म्हणतात त्याला. हाड तिथून वाढतं, आणि तो भाग पक्क्या हाडापेक्षा नाजूक असतो. मुलींमध्ये तो साधारण १३ ते १५ आणि मुलांमध्ये १५ ते १७ वर्षांच्या सुमारास भरून येतो. तोवर जोरात ताण दिला तर स्नायू हाडाला जिथे चिकटतो तिथला हाडाचा तुकडाच निघून येऊ शकतो. बॅकबेंडचंही तेच. कंबर पुन्हा पुन्हा मागे वाकवली की मणक्याच्या एका अरुंद भागाला बारीक तडा जाऊ शकतो. स्पॉन्डिलोलायसिस म्हणतात त्याला, आणि जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या नि नाचणाऱ्या मुलांमध्ये तो इतरांपेक्षा जास्त आढळतो. आमच्याकडे एका तालमीत पंधरा-पंधरा बॅकबेंड होतात. खाली सिमेंटवर बसवलेली फरशी, पायात काही नाही, आणि उड्या मारून थेट गुडघ्यांवर पडायचं. कारण ती स्टेप व्हिडिओत भारी दिसते! 'माझा गुडघा दुखतो' म्हटलं की नाटकं करते म्हणून शिक्का.

शेवटच्या महिन्यात रोज तीन तास तालीम, रविवारीही. बालरोगतज्ज्ञ कानीकपाळी ओरडून सांगतात की मुलांना कुठल्याही खेळातून आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण सुट्टी द्या. ही वाढीला लागलेली पोरं आहेत, त्यांना झोप लागते, भूक लागते. भुकेवरून आठवलं. कॉस्च्युमचं माप घेताना क्लासच्या एक मॅडम माझ्या मुलीला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पोट आत घे, नाहीतर मागच्या रांगेत जाशील." त्या रात्री पोरीनं अर्धं ताट तसंच ठेवलं. एवढ्याशा वाक्यानं! आणि मी त्या मॅडमना तिथेच का सुनावलं नाही, याचा राग मला अजून स्वतःचाच येतोय.

तो कॉस्च्युमही काय सांगू. उघडं पोट, गळ्याशी दोन दोऱ्या, आणि बिचाऱ्या सगळ्या मुली नाचताना एका हातानं तो सावरतायत. कपडा सावरत नाचणारं मूल नाचतं कधी? वर खोट्या पापण्या आणि गडद लिपस्टिक. आणि या सगळ्याचे व्हिडिओ क्लासच्या पानावर, जगाला खुले. आमची परवानगी कुणी विचारली नव्हती. खाली अनोळखी पुरुषांनी काय काय लिहिलंय ते मी वाचलंय. आठ वर्षांच्या मुलींबद्दल! ते व्हिडिओ काढून टाका म्हटलं तर उत्तर आलं, "क्लासची पब्लिसिटी आहे ती."

मी नाचाच्या विरोधात नाही. उलट नाच मला फार प्रिय आहे म्हणूनच एवढी चिडलेय. ज्यांना शिकवण्याची चाड आहे ते वेळ घेतात. बॅलेमध्ये पायाच्या टोकांवर उभं राहायला साधारण ११-१२ वर्षांच्या आधी सहसा परवानगी देत नाहीत, आणि तेही घोटा, पाठ, ताकद तपासून. भरतनाट्यममधले चांगले गुरू आधी वर्षानुवर्षं अडवू, म्हणजे पायाभूत स्टेप्स, घोटून घेतात, शृंगाराची पदं त्यानंतर. मुलांसाठी विषय काय कमी आहेत? पाऊस आहे, माकड आहे, रुसवा आहे, हरवलेला चेंडू आहे. कुठलंही गाणं लावून 'आता तू वारा हो' एवढं म्हणून बघा. काय काय सुचतं त्यांना! आमच्या क्लासमध्ये सहा महिन्यांत एकदाही मुलांना स्वतःची एक स्टेप करू दिलेली नाही.

शनिवारी मी जाऊन तीन गोष्टी मागितल्या. गाणं नाहीतर निदान त्या चार स्टेप्स बदला, पोट झाकणारा कपडा द्या, आणि मुलांना दाबून स्प्लिट करायला लावू नका. तिन्हीला नकार. वर म्हणाले, "तुम्हाला पटत नसेल तर तिला काढून घ्या." बाहेर पडताना दोघी आयांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "बरं झालं तुम्ही बोललात, आम्हालाही आवडत नव्हतं." मग आत का नाही बोललात बायांनो? तुम्ही दोघी माझ्या शेजारी उभ्या राहिला असतात, तर "बाकी कुणाही पालकांची तक्रार नाही" हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं असतं का?

मी तिला काढून घेतलं. घरी येऊन सांगितलं, तर ती भिंतीकडे तोंड करून रडत राहिली आणि म्हणाली, "माझं काय चुकलं? मला सगळ्या स्टेप्स येत होत्या." चूक मोठ्यांनी केली आणि स्टेज गेलं ते हिचं.