‘क्लबांची माणुसकी कॅमेऱ्यापुरती’ : एका व्हायरल दाव्याचा प्रतिवाद

फुटबॉलप्रेमींच्या गटांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: क्लबांची समाजसेवा हे सोशल मीडियाच्या जमान्यातलं खूळ आहे, खेळाडू नाताळात रुग्णालयात जाऊन फोटो काढतात, एवढंच, त्यातला पैसा क्लबचा नसतोच, हे श्रीमंत क्लबांचे चोचले आहेत, आणि चाहत्यांची खरंच काळजी असती तर तिकिटं इतकी महाग नसती. यातलं शेवटचं वाक्य बरंचसं खरं आहे, पैशाबद्दलचं अर्धं खरं आहे. बाकीची तीन टिकत नाहीत.

‘सोशल मीडियाच्या जमान्यातलं खूळ’

ग्लासगोचा सेल्टिक हा क्लब नोव्हेंबर १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड या धर्मबंधूने स्थापन केला. शहराच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करायचा, हा त्यामागचा उघड हेतू होता. म्हणजे इथे सेवेची कल्पना आधी आली आणि संघ नंतर.

आजच्या पद्धतशीर कामाची सुरुवात १९८६ची. इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने वायव्य भागातल्या सहा क्लबांत ‘फुटबॉल इन द कम्युनिटी’ ही योजना सुरू केली. प्रेक्षकांच्या हाणामाऱ्यांमुळे मैदानाशेजारची कुटुंबं सामन्याच्या दिवशी दारं लावून बसत, आणि त्याच वस्त्यांत बेकारी भयंकर होती. म्हणून क्लबची दारं शेजाऱ्यांना उघडायची आणि त्यातून बेरोजगारांना कामही द्यायचं, अशी ती योजना होती. १९८८ मध्ये लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन या क्लबची समाजकार्य शाखा सुरू झाली. तेव्हा मोबाइलवर फोटो टाकायची सोय नव्हती.

‘नाताळातला फोटो, एवढंच’

फोटो आपल्यापर्यंत पोचतो, कारण तो पाठवता येतो. बारा आठवडे चालणारा वर्ग कोणी पाठवत नाही, म्हणून तो नाहीच असं वाटतं. स्कॉटलंडमधल्या ‘फुटबॉल फॅन्स इन ट्रेनिंग’ या उपक्रमाकडे जरा सविस्तर पाहू, कारण त्याचं मोजमाप नीट झालेलं आहे.

३५ ते ६५ वयाचे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २८ किंवा त्याहून जास्त असलेले पुरुष घ्यायचे. आठवड्यातून एकदा, दीड तास, क्लबच्याच स्टेडियममध्ये. त्यात थोडा वेळ बसून बोलणं: ताटात किती वाढून घ्यायचं, बिअरमधून किती उष्मांक पोटात जातात, सवय मोडली तर पुन्हा कशी धरायची. उरलेला वेळ व्यायाम. शिकवणारे क्लबचे कम्युनिटी कोच. प्रत्येकाला पावलं मोजायचं यंत्र दिलं जातं आणि सुरुवात चालण्यापासून होते. यामागे कारण आहे. शंभर किलोच्या, कित्येक वर्षं न खेळलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पळवलं की पोटरी किंवा गुडघा दुखावतो, आणि एकदा घरी बसलेला माणूस सहसा परत येत नाही.

१३ क्लब आणि ७४७ पुरुष घेऊन याची चाचणी झाली. कोणी लगेच सुरुवात करायची आणि कोणी वर्षभर थांबायचं, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलं गेलं. वर्षाअखेरीस पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.५६ किलोने उतरलं होतं, थांबलेल्यांचं ०.५८ किलोने. हे निष्कर्ष २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. साडेतीन वर्षांनीही पहिल्या गटातले लोक मूळ वजनापेक्षा सरासरी २.९ किलोने हलकेच होते. वजन उतरवणं सोपं, ते उतरलेलं राखणं कठीण, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या आकड्याची किंमत कळेल.

वजन कमी करायच्या वर्गाला जाणं अनेक पुरुषांना बायकी वाटतं. पण ज्या स्टेडियममध्ये लहानपणापासून ओरडत आलो, तिथे आत शिरून मैदानाच्या कडेने चालायला मिळणार म्हटल्यावर तेच पुरुष नाव नोंदवतात. क्लबने इथे दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ही ओढ. तिला पर्याय नाही.

सगळं साधतंच असंही नाही. हाच धागा धरून इंग्लंड, नेदरलँड्स, नॉर्वे आणि पोर्तुगालमधल्या १५ क्लबांत ‘युरोफिट’ हा उपक्रम झाला. वर्षाने त्यात भाग घेतलेले पुरुष तुलनेच्या गटापेक्षा रोज सरासरी ६७८ पावलं जास्त चालत होते; बसून राहण्याचा वेळ मात्र कमी झाला नाही. जिथे फसलं तेही छापून आलं. जाहिरातीत असं होत नाही.

‘पैसा क्लबचा नसतोच’

इंग्लंडमध्ये बहुतेक व्यावसायिक क्लबांची समाजकार्य शाखा ही वेगळी नोंदणीकृत धर्मादाय संस्था असते. तिचे विश्वस्त वेगळे, बँक खातं वेगळं, आणि वार्षिक हिशेब धर्मादाय आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही उतरवून घेता येतो. तो उघडला की दिसतं की बराच पैसा प्रीमियर लीगचा (इंग्लंडमधल्या सर्वोच्च साखळी स्पर्धेचा) धर्मादाय निधी, स्थानिक नगरपालिका, आरोग्यसेवा आणि देणगीदार यांच्याकडून येतो. इतपत दावा बरोबर आहे. पण त्यावरून ‘क्लब काहीच देत नाही’ हे सिद्ध होत नाही, आणि क्लब भरपूर देतो हेही नाही. क्लब किती देतो, हे प्रत्येक क्लबच्या ताळेबंदातच पाहावं लागतं.

पाहताना क्लबची देणगी रोख आहे की वस्तुरूप, हे आधी तपासा. खोलीचं भाडं आणि न विकली गेलेली तिकिटं यांची किंमत धरूनही देणगीचा आकडा फुगवता येतो. मग पगारी माणसं किती आहेत ते बघा. काम माणसं करतात, फलक नव्हे. तिसरी गोष्ट सहसा कोणी पाहत नाही, पण आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते: निधी किती वर्षांसाठी बांधलेला आहे? बारा महिन्यांच्या अनुदानावर नेमलेला कोच वर्ष संपलं की जातो. ज्या पोराने सहा महिने लावून त्याच्यावर विश्वास टाकलेला असतो, त्याच्यासाठी तो आणखी एक निघून गेलेला मोठा माणूस ठरतो. असे उपक्रम बहुतेकदा इथेच मोडतात.

आपल्याकडे एफसी गोवाच्या फोर्सा गोवा फाउंडेशनची मुलांसाठीची लीग आहे. तिलाही हेच प्रश्न विचारावेत.

‘श्रीमंत क्लबांचे चोचले’

मार्च २०२० मध्ये सामने थांबल्यावर एव्हर्टनच्या खेळाडूंनी आणि कर्मचाऱ्यांनी घरात एकट्या अडकलेल्या चाहत्यांना फोन केले. त्याला लागली ती सीझन तिकीटधारकांची (अख्ख्या हंगामाचं तिकीट घेतलेल्यांची) यादी आणि फोन करायला माणसं. यादी कुठल्याही क्लबकडे असते.

त्याहून साधं उदाहरण लिव्हरपूल शहराचंच. २०१५ मध्ये एव्हर्टन आणि लिव्हरपूल या कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या चाहत्यांनी मिळून फूड बँकांसाठी (गरजूंना फुकट अन्नधान्य देणाऱ्या केंद्रांसाठी) सामन्याच्या दिवशी धान्य गोळा करायला सुरुवात केली. भुकेला क्लबचा रंग नसतो, हे त्यांचं घोषवाक्य. पुढाकार चाहत्यांचा, क्लबने द्यायची ती फाटकाबाहेरची जागा आणि दोन ओळींची सूचना.

हे करू पाहणाऱ्या छोट्या क्लबसाठी थोडे तपशील. टेबल फाटकाच्या बाहेरच हवं; आत मोठ्या पिशव्या नेऊ देत नाहीत, त्यामुळे डबे घेऊन आलेला माणूस तपासणीशी अडतो. ते सामन्याआधी लावायचं, कारण सुटल्यावर सगळ्यांना बस गाठायची असते. काय हवं ते आदल्या दिवशी नेमकं सांगा: डबाबंद मासे आणि भाज्या, टिकाऊ दूध, पास्ता, साबण, डायपर, सॅनिटरी पॅड. नुसतं ‘मदत आणा’ म्हटलं तर शिजवलेल्या घेवड्याच्या डब्यांचा ढीग पडतो. काचेच्या बरण्या फुटतात, ताजं अन्न पोचेपर्यंत खराब होतं, मुदत संपलेले डबे वेगळे काढण्यात स्वयंसेवकांची संध्याकाळ जाते. आणि गाडी आधी ठरवा. गोळा केलेलं धान्य स्टेडियमच्या कोठीत पडून राहिलं तर केलेलं सगळं वाया.

‘काळजी असती तर तिकिटं महाग नसती’

इथे टीका रास्त आहे, आणि ती सोडू नये. दूरचित्रवाणी हक्कांतून अफाट पैसा मिळत असताना नेहमीच्या चाहत्यासाठी दर वाढवत राहणं याला माणुसकी म्हणता येत नाही. फूड बँकेच्या टेबलाने ते झाकलंही जात नाही. अपंग चाहत्यांचंही तसंच. जुन्या मैदानांत व्हीलचेअरच्या जागा अगदी खाली, कडेला असत: पाऊस अंगावर, आणि पुढचे लोक उभे राहिले की समोर फक्त पाठी. उपाय म्हणजे काही रांगा काढून उंच चौथरा बांधणं, पण त्यात विकाऊ खुर्च्या जातात. प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०१५ मध्ये शब्द दिला होता की ऑगस्ट २०१७पर्यंत सुगम्यतेचे निकष पूर्ण करू. काही क्लबांनी ती मुदत चुकवली.

पण ‘काही होतच नाही’ हेही खरं नाही. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूल–सण्डरलँड सामन्यात ७७व्या मिनिटाला हजारो घरचे चाहते उठून निघून गेले. नव्या स्टँडमधल्या ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध हा निषेध होता. संघ २–० ने पुढे होता. सामना २–२ असा संपला. काही दिवसांतच मालकांनी माफी मागून ती दरवाढ मागे घेतली. त्याच वर्षी, चाहत्यांच्या संघटनांनी दीर्घकाळ रेटा लावल्यावर, प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या (प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर सामना पाहायला जाणाऱ्या) चाहत्यांच्या तिकिटावर ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. सुरुवातीला ती तीन हंगामांपुरती होती, नंतर पुढे वाढवली गेली. घरच्या मैदानावरच्या तिकिटांना मात्र अशी मर्यादा नाही. व्हायरल मजकुराने बोट ठेवायला हवं ते इथे.