ओट्याखालची झुरळं आणि बागेचं औषध

'जर्मन झुरळाचा कायमचा बंदोबस्त' असा एक मेसेज सध्या सांगली-मिरजेच्या ग्रुपवर फिरतोय. तो तासगावच्या माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिचा फोन आला, "बागेचं औषध उरलंय, मारू का?" म्हणून हे लिहितेय. मेसेज म्हणतो: ओट्याखालची बारकी झुरळं ही मोरीतल्या मोठ्या झुरळांची पिल्लं. ही जात परदेशातून ऑनलाइन पार्सलमधून आली. पांढरं झुरळ विषारी असतं. आणि उपाय काय, तर द्राक्षबागेचं डायक्लोरव्हॉस झाकणभर घेऊन बादलीत कालवा आणि स्वयंपाकघरात फवारा.

आधी औषधाचंच बोलू. डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. ज्यांच्या शेडमध्ये जुनी बाटली पडून आहे त्यांनी ती घरात आणूच नये. हा ऑरगॅनोफॉस्फेट गट किड्याच्या मज्जासंस्थेवर चालतो तसाच माणसाच्याही चालतो: लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. दुसरं कुठलंही बागेचं औषध घ्या, फवारल्यावर किती दिवस घड तोडायचे नाहीत ते लेबलवर छापलेलं असतं. पोह्याच्या डब्यासाठी ते दिवस कुणी ठरवलेत? द्राक्षात औषधाचा उरलेला अंश, म्हणजे रेसिड्यू, जास्त निघाला की निर्यातीचा माल अडकतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तरी तेच औषध भाकरीच्या परातीशेजारी मारायचं? मावशीचा नातू त्याच फरशीवर रांगतो आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो. कुणी आधीच फवारलं असेल आणि घरात कुणाला वर सांगितलेल्या लक्षणांपैकी काही जाणवत असेल, तर बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

आता पिल्लांचं. झुरळाला पूर्ण पंख आले की ते वाढायचं थांबतं. ओट्याखालचं सव्वा-दीड सेंटिमीटरचं फिकट तपकिरी झुरळ नीट बघा: अंगभर पंख, आणि डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा. हे पूर्ण वाढलेलं जर्मन झुरळ. मोरीतलं तांबूस, साडेतीन-चार सेंटिमीटरचं, ढालीला पिवळसर कड असलेलं, ते अमेरिकन. जात वेगळी, त्यामुळे मोरी कितीही धुतली तरी ट्रॉलीतली झुरळं तिथेच राहतात. जर्मन मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी पिल्लं निघेपर्यंत शेपटाकडे घेऊन फिरते, म्हणून ती इतक्या झपाट्याने वाढतात.

परदेशातून आली, हे तर साफ उलटं. २०२४ साली 'पीएनएएस' या नियतकालिकात १७ देशांतल्या २८१ झुरळांच्या डीएनएचा अभ्यास आला. त्यानुसार ही जात सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारमध्येच एका आशियाई झुरळापासून निपजली आणि इथून जगभर गेली. खोक्यांतून ती घरात शिरते, एवढं मात्र मान्य करावं लागेल. पुठ्ठ्याची खोकी, किराण्याचं सामान, जुना फ्रिज, सगळ्यातून येते. पार्सल उघडलं की खोकं घरात ठेवू नका.

पांढरं झुरळ म्हणजे नुकतीच कात टाकलेलं, काही तासांत तपकिरी होतं. विषारी वगैरे काही नाही.

मावशीला मी सांगितलं ते असं: झुरळांसाठीचं जेल आण. बिजागऱ्या, ट्रॉलीचे कोपरे, फ्रिजच्या मागे, मुलाचा हात पोचणार नाही तिथे बारीक ठिपके लाव. त्याच्या आसपास स्प्रे मारू नको, नाहीतर झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. रात्री खरकटं आणि सिंकमधलं पाणी ठेवू नको. आणि ती बाटली शेडमध्येच, कुलपात.