‘सगळे मोफत बिल्डर सारखेच’ म्हणे!

वेबसाइट काढायची म्हटलं की नवशिक्याच्या हातात एक ठरलेला सल्ला पडतो. फॉरवर्ड होत होत तो तुमच्यापर्यंतही आला असेल: “मोफत वेबसाइट बिल्डर सगळे सारखेच. कोणताही घ्या, दहा मिनिटांत साइट तयार, छदाम लागत नाही. नाही आवडला तर नंतर दुसरीकडे हलवा. फक्त फुकटच्या पत्त्यावरची साइट गूगलमध्ये दिसत नाही.” (बिल्डर म्हणजे साइट बांधायची आयती ऑनलाइन सोय.)

दहा मिनिटांचं आधी उरकून टाकू. तेवढ्या वेळात साचा उभा राहतो, हे खरं. पण त्यातले नमुन्याचे फोटो आणि मजकूर काढून स्वतःचं लिहायला बसलात की संध्याकाळ कधी झाली कळत नाही. हल्ली एआय मजकूरही लिहून देतं, पण तुमच्या कामातलं त्याला काय ठाऊक?

गूगलचं म्हणणं तर उघडच चूक. गूगलच्या ब्लॉगर या मोफत सेवेच्या, म्हणजे ब्लॉगस्पॉटच्या, पत्त्यावरची पानं शोधात वर्षानुवर्षं दिसत आली आहेत. नवी साइट सापडत नाही तेव्हा कारण बहुधा साधं असतं: तिच्याकडे कुणीच दुवा दिलेला नसतो, किंवा मालकाने ती अजून जाहीरच केलेली नसते. वर्डप्रेस डॉट कॉम या बिल्डरवरची नवी साइट ‘लाँच’ केल्याशिवाय लोकांना उघडत नाही. बरेच जण ते बटण दाबायचं विसरतात आणि बोल मोफत पत्त्याला लावतात.

आता ‘छदाम लागत नाही’. वर्डप्रेस डॉट कॉम आणि विक्स यांच्या मोफत योजनेत तुमच्या पानावर त्यांची जाहिरात असते, पत्त्यात त्यांचं नाव असतं आणि स्वतःचं डोमेन (म्हणजे स्वतःच्या नावाचा वेब-पत्ता) जोडायचं तर सशुल्क योजना घ्यावी लागते. उलट गूगल साइट्स, ब्लॉगर आणि गिटहब पेजेस (प्रोग्रामरांच्या गिटहब या संकेतस्थळाची साइट ठेवायची सोय) ही सक्ती करत नाहीत. विकत घेतलेलं डोमेन तिथे फुकट जोडता येतं, डोमेनची वार्षिक फी तेवढी तुमची. म्हणजे ‘सारखेच’ हा शब्द इथेच गळून पडतो. अर्थात त्यांनाही खोट आहे. गूगल साइट्समध्ये ब्लॉगची सोय नाही आणि मांडणीला मर्यादा आहेत. गिटहब पेजेसवर फक्त स्थिर पानं (आधी तयार करून ठेवलेली, सगळ्यांना सारखीच दिसणारी) चालतात, ऑनलाइन दुकान चालवायला परवानगी नाही आणि फाइलींशी खेळायची तयारी लागते.

पण खरा घात करतं ते ‘नंतर हलवा’. वर्डप्रेस डॉट कॉममधून लेख, पानं, प्रतिक्रिया एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात आणि दुसऱ्या होस्टवरच्या (साइट ठेवायला जागा देणाऱ्या कंपनीकडच्या) वर्डप्रेसमध्ये भरता येतात. ब्लॉगरही बॅकअप देतो. गिटहबवर तर सगळ्या फाइली मुळातच तुमच्या. विक्सची साइट मात्र विक्सच्याच सर्व्हरवर चालते. ती जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टवर ठेवता येत नाही, नव्याने बांधावी लागते. इतकंच काय, त्यांच्या नेहमीच्या एडिटरमध्ये एकदा निवडलेला साचा त्याच साइटवर बदलताही येत नाही.

आणि हलायचं की नाही हे नेहमी आपण ठरवतो असंही नाही. १९९४ मध्ये सुरू झालेली जिओसिटीज ही मोफत वेबसाइटची सेवा याहूने १९९९ मध्ये घेतली आणि २००९ मध्ये अमेरिकेत बंद केली. व्यवसायाच्या प्रोफाइलला जोडून गूगल ज्या छोट्या मोफत वेबसाइट देत असे, त्या मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या. तिथे मजकूर ठेवून निर्धास्त बसलेल्यांना कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून मी नवशिक्याला एकच उद्योग सांगतो: दोन पानं लिहा आणि लगेच एक्सपोर्टचं, म्हणजे मजकूर फाइलमध्ये बाहेर काढायचं, बटण शोधा. फाइल उघडून तुमचा मजकूर त्यात आहे का ते बघा. सतत लिहिणार असाल तर वर्डप्रेस डॉट कॉम किंवा ब्लॉगर, चार पानांची माहिती ठेवायची असेल तर गूगल साइट्स. विक्सशी माझं वैर नाही. देखणं पान झटपट मांडायला ते छान आहे. एखाद्या कार्यक्रमापुरती साइट हवी असेल आणि महिन्याभरात पुसायची असेल तर मीही तेच घेईन. तिथून काही हलवायचंच नसतं.