गेरूसुद्धा उमटत नाही म्हणजे हद्द झाली!

पाचशेच्या आतल्या आयशॅडो पॅलेटकडून मी फार काही मागत नव्हते. डब्यात जो रंग दिसतोय तो पापणीवर दिसावा, बस्स. पण नाही! डब्यात विटकरी, पापणीवर काहीच नाही. डब्यात हळदी, पापणीवर पांढुरकं काहीतरी. आणि ज्या तपकिरीच्या जिवावर अख्खं पॅलेट घेतलं, ती घासून घासून शेवटी राखाडी झाली.

वर झाकणावर काय, तर 'खास इंडियन स्किनसाठी'!

हे वॉर्म टोनचं, म्हणजे तांबूस-पिवळसर रंगांचं, वेड काही इथं सुरू झालं नाही. २०१६ साली अनास्तासिया बेव्हर्ली हिल्स ह्या ब्रँडचं मॉडर्न रेनेसाँस पॅलेट आलं, २०१७ ला अर्बन डिके ब्रँडचं नेकेड हीट, आणि मग विटकरी, गंजकट, मोहरी, तांबूस शेड्सची नुसती रांग लागली. मला तर आनंदच झाला होता. गव्हाळ-सावळ्या रंगावर तांबूस-सोनेरी काय खुलतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही मावशीला व्हिडिओ न बघता माहीत असतं. त्या महागड्या पॅलेटची रंगसंगती आम्ही स्वस्तात देतो, असं हे स्वस्त पॅलेटवाले म्हणतात. द्या की! पण ह्यांनी ती फक्त झाकणावरच्या फोटोपुरती उचलली.

मागची मुंगीएवढी अक्षरं मोबाइलवर झूम करून वाचली. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं छापावे लागतात. पहिलं नाव टाल्क, म्हणजे रंगात भर घालायची पांढरी भुकटी. आता टाल्क बऱ्याच महागड्या पावडर शॅडोतही असतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते किती ओतलाय ह्याच्याशी. आणि तेच नेमकं कळत नाही, कारण टक्केवारी कोणी लिहीत नाही आणि रंगांचे नंबर बहुतेक वेळा शेवटी एकगठ्ठा दिलेले असतात. त्यात फिक्या शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड, तो पांढराफटक. गोऱ्या मनगटावर ती शेड पीच दिसते, माझ्या पापणीवर भिंतीला चुना मारल्यासारखी.

बरं, रंग महाग म्हणून हात आखडता घेतला म्हणावं, तर तेही नाही. विटकरी, मोहरी, तपकिरी हे सगळे मुख्यतः आयर्न ऑक्साइडचे रंग. मागच्या यादीत ते कलर इंडेक्सच्या, म्हणजे सीआय, नंबरानं येतात: सीआय ७७४९१ लाल, ७७४९२ पिवळा, ७७४९९ काळा. गंजाचे भाऊबंद हो! आपण कुंड्यांना, तुळशीवृंदावनाला जो गेरू लावतो, त्याचा लाल रंगही आयर्न ऑक्साइडचाच. स्वस्त रंगद्रव्यांमधलं हे एक. जांभळा, निळा नीट बसला नाही तर मी एक वेळ समजून घेईन, तो प्रकार खरंच अवघड असतो. पण तांबडा? गेरूचा तांबडा तुम्हाला उमटवता येत नाही?

रील्समध्ये मात्र बोट एकदा टेकवलं की गडद रंग! कारण खाली डाग झाकायच्या कन्सीलरचा थर, समोर रिंग लाइट, आणि शेड दाखवायला हाताची आतली, सगळ्यात गोरी बाजू. बोटानं दाबून लावलं की काहीही गडद दिसतं. ब्रशनं लावून, ब्लेंड करून, तासाभरानं दाखवा ना! रिव्ह्यूंचं तर विचारूच नका. 'पॅकेजिंग सुंदर आहे, अजून वापरलं नाही', पाच स्टार. मग कशाचे दिले गं ते पाच? खोक्याचे?

चुलत बहिणीच्या साखरपुड्याला हे लावून डोंबिवलीला गेले. मे महिना, हॉलमध्ये एसी नावापुरता. मॅट शेड फोटो सुरू व्हायच्या आतच पापणीच्या घडीत गोळा झाली आणि ग्लिटर सगळं गालावर उतरलं. (ते ग्लिटर पुष्कळदा चक्क प्लॅस्टिक असतं, लेन्स लावणाऱ्यांनी जपून.) आत्या जवळ आली, हनुवटी धरून म्हणाली, "झोप झाली नाही का गं? डोळे कसे ओढल्यासारखे दिसतायत." काकू म्हणाली, "अगं, तो मेकअप आहे." दोघींना काय उत्तर देणार, कप्पाळ!

कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं: मॅडम, आधी प्राइमर (रंग धरून ठेवणारा खालचा थर) लावा, ब्रश थोडा ओला करा, शेड दोन-तीन थरांत बिल्ड करा. म्हणजे साडेचारशेचं पॅलेट दिसावं म्हणून मी सहाशेचा प्राइमर घ्यायचा! परत घ्या म्हटलं, तर स्वच्छतेच्या कारणास्तव उघडलेला माल परत होत नाही. आता न उघडता रंग उमटतो की नाही हे कळायचं कसं, ते त्यांनीच सांगावं. आरसा मात्र दिलाय झाकणात, मोठा, छान. आणि तो स्पंजचा दांडका, जो आजवर कोणाच्याही कामाला आलेला नाही. त्याचे पैसे धरले असणारच!

अरे, बारा शेड नकोत मला. त्यातल्या चार तर एकमेकींच्या जुळ्या आहेत. पाच द्या, आरसा काढून टाका, दांडका काढून टाका, वर पन्नास रुपये जास्त घ्या. पण त्या पाचांत रंग घाला. आणि जाहिरातीत सावळ्या पापणीवर, प्राइमर न लावता, खिडकीच्या उजेडात काढलेला एक फोटो टाका. मी त्याच दिवशी ऑर्डर करते.