डीफॉल्टवर सोडू नका
लेखात म्हटलंय की एफएमआरआयच्या (मेंदूतला कुठला भाग कधी सक्रिय होतो ते दाखवणारा स्कॅन), म्हणजे अनेकांचे स्कॅन एकत्र तपासायच्या, ग्रुप अ‍ॅनालिसिसला सॉफ्टवेअरचं डीफॉल्ट सेटिंग पुरतं, हे मला अजिबात पटलं नाही. २०१६ मध्ये एक्लुंड, निकोल्स आणि नुटसन या संशोधकांनी नुसत्या पडून राहिलेल्या निरोगी लोकांच्या स्कॅनचे कसेही गट पाडून टेस्ट लावल्या, म्हणजे काही सापडायलाच नको, तरी क्लस्टरवाल्या पद्धतीत (सक्रिय दिसणाऱ्या शेजारशेजारच्या बिंदूंचा पुंजका केवढा आहे ते बघणारी) अपेक्षित ५ टक्क्यांच्या जागी काही वेळा ७० टक्क्यांपर्यंत खोटे निकाल आले! पुंजक्यात कुठला बिंदू धरायचा त्याचा थ्रेशोल्ड (पी-व्हॅल्यूची मर्यादा) ०.०१ ऐवजी ०.००१ ठेवला की बरंच सुधारतं. मी तर पर्म्युटेशन टेस्टच (डेटाची लेबलं किंवा चिन्हं पुन्हा पुन्हा बदलून, निकाल नुसत्या योगायोगाने येतो का ते बघणारी) करा म्हणेन, वेळ खाते पण गृहीतकं कमी (एकाच गटाची सरासरी तपासताना मात्र डेटा एका बाजूला झुकलेला नाही ना ते बघा). आणि प्लीज, फिक्स्ड इफेक्ट्स (माणसामाणसांतला फरक हिशेबात न धरणारी पद्धत) लावून सगळ्यांच्याच मेंदूबद्दल बोलू नका, तो निष्कर्ष फक्त स्कॅन झालेल्यांपुरताच असतो.