सप्रेम भेट, पोच कळवणे

सहलीहून येताना नातेवाइकांच्या भेटवस्तू स्वतःच्या बॅगेत कोंबून आणणारी माणसं अजून शिल्लक आहेत, हे पाहून वाईट वाटतं. देशातल्या विमानात बहुतेक ठिकाणी सामानाची मर्यादा १५ किलोची, त्यातली निम्मी आपण स्वेटर आणि घरून नेलेल्या चिवड्यावर आधीच खर्च केलेली. शिवाय वस्तू हातात दिली की ती उघडताना आत्याचा चेहरा समोर बसून पाहावा लागतो. पोस्टाने पाठवलं की हे दोन्ही जाच संपतात. आत्याला झालेला आनंद आपण आपल्या घरी बसून, हवा तेवढा मोठा, कल्पनेने पाहू शकतो. आणि पुढची काही वर्षं “आम्ही जयपूरहून तुमच्यासाठी मुद्दाम पाठवलं होतं” हे वाक्य हक्काने वापरता येतं. पाठवण्याचा मूळ हेतू हाच असल्यामुळे वस्तू धड पोहोचलीच पाहिजे असा हट्ट धरू नका.

निवड करताना जयपूरच्या निळ्या भांड्यांपासून सुरुवात करावी. ती कुंभाराच्या नेहमीच्या मातीची नसतात. क्वार्ट्झची पूड, काचेचा चुरा, थोडी मुलतानी माती आणि डिंक असं कालवून बनवतात. चुरा मुळातच घातलेला असल्यामुळे वाटेत पुन्हा चुरा झाला, तर फुलदाणी मूळपदावर आली एवढंच म्हणायचं. दुकानदाराने वर्तमानपत्राच्या एका घडीत गुंडाळून “एकदम मजबूत पॅकिंग” असं सांगितलेलं असतं, त्यावर पूर्ण विश्वास ठेवा. खोकं वस्तूपेक्षा बरंच मोठं घ्या, म्हणजे आत फिरायला जागा राहते. ‘काच आहे, सांभाळा’ ही चिठ्ठी तळाला चिकटवा. खोकं उलटं पडलं की ती आपोआप वर येते.

आग्र्याचा छोटा ताजमहाल हा दुसरा उत्तम पर्याय. खऱ्या ताजचे चारही मिनार किंचित बाहेरच्या बाजूला झुकवलेले आहेत, भूकंपात पडलेच तर मुख्य घुमटावर कोसळू नयेत म्हणून. बाजारातल्या ताजमध्ये हीच योजना आणखी पुढे नेलेली असते. खोकं उघडताच मिनार चार कोपऱ्यांत सुटे मिळतात आणि घुमटाला खरोखरच धक्का लागलेला नसतो. काकांना ते चिकटवायला एक रविवार पुरतो. निवृत्त माणसाला असा उद्योग देणं हीसुद्धा भेटच.

पातळ पदार्थांना कमी लेखू नका. कोकणातून निघताना कोकमाचं आगळ प्लास्टिकच्या बाटलीत भरून घ्या, झाकण हातानेच घट्ट करा आणि त्याच खोक्यात मावशीसाठी पांढऱ्या चिकनकारीचा कुर्ता ठेवा. गंगोत्रीला गेलात तर पाच लिटरचा कॅन भरून आणा आणि घरी आल्यावर सगळ्या नातेवाइकांना बाटल्या रवाना करा. गंगोत्रीचं पाणी टपाल खातं २०१६पासून स्वतःच विकतं, हे त्यांना कळू देऊ नका. सीलबंद बाटलीत पावित्र्य कुठलं? तुमच्या बाटलीला निदान आधीच्या सरबताचा वास तरी असतो.

आता पत्ता. देशात एकाच नावाची गावं ढिगाने आणि पत्ते नाना लिप्यांत लिहिलेले, म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच संस्कृत पंडिताने सहा आकडी पिन कोड बसवला आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो लागू झाला. पहिला आकडा विभागाचा (आपला ४, तो गोव्याचाही), शेवटचे तीन थेट पोस्ट ऑफिसचे. अशी रुक्ष पद्धत रक्ताच्या नात्यात वापरणं शोभत नाही. ‘मु. पो. वडगाव, मारुतीच्या देवळामागे, जुन्या वाड्याशेजारी’ एवढं प्रेमाने लिहा. वडगावं बरीच आहेत, मारुती त्याहून जास्त, आणि वाडा पाडून तिथे सात मजले झालेत, पण ज्याला पोहोचवायचं त्याला पोहोचवता येतं. घेणाऱ्याचा मोबाइल नंबर लिहू नका. उगाच फोन करून विचारतात.

खरा कस लागतो तो परदेशी पार्सलात. बहात्तर साल म्हटलं की आपल्याकडे दुष्काळ आठवतो, पण त्याच वर्षी पिन कोडच्या जोडीला वन्यजीव संरक्षण कायदा आणि पुरावस्तू कायदाही झाला. एकाच खोक्यातून तिन्हींशी गाठ घालून द्यायची संधी प्रत्येक प्रवाशाला मिळते. तंजावरच्या सहलीत, मराठ्यांचा राजवाडा पाहून झाल्यावर, गाइड ज्या दुकानात नेईल तिथून पितळी नटराज घ्या. तो मागच्या आठवड्यात घडवून, मातीत पुरून काळा केलेला असला तरी दुकानदार तीनशे वर्षांचा सांगेल. हे वय मोठ्या अभिमानाने खोक्यावर लिहा. शंभर वर्षांवरची मूर्ती देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे ती जुनी नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आणावा लागेल. म्हणजे ज्या खरेपणासाठी जास्तीचे पैसे मोजले, तो खोटा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र मिळवण्यासाठी रांगेत उभं राहायचं. दाखला मिळाला की फ्रेम करा. नाथद्वाऱ्याहून आणलेल्या बाळकृष्णाच्या मुकुटात मोरपीस खोचलेलं असेल तर तेही तसंच राहू द्या. मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे, पण बालगोपाळाला कोण अडवणार, असं म्हणून पाहा.

मेलबर्नच्या भाच्याला सावंतवाडीची लाकडी फळं पाठवा. ऑस्ट्रेलियात बाहेरून येणारी फळं, बिया, लाकूड हे सगळं डोळ्यांत तेल घालून तपासतात. क्ष-किरणात आंबा, केळं आणि सीताफळ दिसलं की फळ म्हणून संशय येतो, आणि उघडून पाहिलं की लाकूड म्हणून खात्री पटते. चितारआळीतल्या कारागिरांना इतकी मनापासूनची दाद क्वचितच मिळते.

जकातीच्या फॉर्मवर वस्तूची किंमत लिहायची असते. तिथे २०० रुपये लिहावेत. कुटुंबात हीच शाल चार हजारांची म्हणून आधीच जाहीर झालेली असते. फॉर्म खोक्याच्या बाहेर चिकटवतात आणि न्यू जर्सीला दार विहीणबाई उघडतात, हे लक्षात आलं तर फार मनाला लावून घेऊ नका. चार हजार खरे लिहिले तरी त्या डॉलरमध्ये भागाकार करणारच आहेत. २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने स्वस्त पार्सलांची जकातमाफी काढून घेतली, आपल्या टपालानेही तिकडचं बुकिंग थांबवलं आणि ते ऑक्टोबरच्या मध्यावर, दिवाळी तोंडावर आल्यावर सुरू झालं. त्या काळात कित्येकांना “पाठवणारच होतो गं, पण ट्रम्प” असं सांगता आलं. असं भक्कम निमित्त रोज मिळत नाही. तेव्हा न पाठवलेल्या भेटींचं श्रेयसुद्धा घेऊन टाकावं.

तुम्ही युरोपात फिरून तिकडून इकडे पाठवत असाल तर आणखी मजा. २०१९च्या डिसेंबरपासून परदेशातून टपालाने किंवा कुरिअरने ‘भेट’ म्हणून काही आणायचं तर पूर्ण शुल्क भरावं लागतं. सूट फक्त जीवरक्षक औषधांना आणि राख्यांना. राखीसोबतच्या भेटवस्तूला मात्र नाही, असाही खुलासा सरकारने करून ठेवला आहे. बहिणीची माया कुठे संपते आणि चॉकलेट कुठे सुरू होतं, हे इतक्या स्पष्टपणे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. शुल्क घेणाऱ्याने भरायचं असतं. म्हणजे स्वित्झर्लंड तुम्ही पाहायचं आणि वर्गणी कोल्हापूरच्या मेव्हण्यांनी द्यायची.

वाटणी समान ठेवायची. दोन्ही जावांना एकसारख्याच शाली, फक्त एकीची थोडी जास्त चांगली. नावांच्या चिठ्ठ्या अदलाबदल झाल्या तर तुम्ही काही करायची गरज नाही, पुढचं त्या पाहतात. ट्रॅकिंग नंबर घरच्या ग्रुपवर टाका, म्हणजे कोणाला काय पाठवलं नाही हेही सगळ्यांना कळतं. आणि रोज सकाळी विचारा, “आलं का?” चौथ्या दिवशी घेणारा रजा टाकून घरी बसतो. त्या दिवशी येत नाही.

एक धोका मात्र आहे. आपण पाठवलं की समोरचाही पाठवतो. ताज चिकटवून झालेले काका हल्लीच रामेश्वर-कन्याकुमारी करून आलेत आणि काल तुमच्या दारात खोकं येऊन पडलंय. हलवलं की आत काहीतरी वाजतंय, बहुधा शंखावर तुमचं नाव कोरून घेतलेलं असावं. अशा वेळी घाई करू नये. आधी काकांना कळवून टाका की मिळालं, फार सुंदर आहे, हिने लगेच शोकेसमध्ये ठेवलं. एकदा खोकं उघडलं की हे एवढं लिहायला हात धजत नाही.