हेडलाइटचा उजेड पाडताना

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला उजेडाची किंमत कळण्यासाठी अमावास्येची गरज नसते. पावसाळ्यातली कोणतीही रात्र, गायमुखचा घाट आणि समोरून येणारा एखादा कंटेनर एवढे साहित्य पुरेसे होते. त्यात आपल्या गाडीचे दोन्ही दिवे पिवळट, धुरकट झालेले असतील, तर रस्त्यावरचा खड्डा आधी मणक्याला कळतो आणि मग डोळ्यांना दिसतो. आमच्या गाडीचे तसेच झाले होते. वर्षानुवर्षे उघड्या पार्किंगमध्ये पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिल्यामुळे तिचा डावा दिवा पार आंधळा झाला होता, आणि उजव्यावर सोसायटीच्या जनरेटरच्या खोलीची सावली पडत असल्यामुळे तो निदान चकणा या पातळीवर थांबला होता.

गाडीच्या इंजिनाबद्दल बोलताना लोक थोडे जपून बोलतात, पण हेडलाइट ही उघड दिसणारी वस्तू असल्याने तिच्यावर मत देण्याचा अधिकार सर्वांना जन्मतःच प्राप्त झालेला असतो. मी फडके घेऊन गाडीपुढे बसलो की पार्किंगमध्ये एक छोटेखानी परिसंवाद भरत असे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा टूथपेस्टवर गाढ विश्वास होता. एका तरुण सभासदाने डास पळवण्याचे मलम सुचवले. आमच्या मेव्हण्यांनी मात्र या सगळ्याकडे करुणेने पाहत, “दाजी, काच कसली घासताय? सरळ एलईडी टाका, दिवस उजाडेल,” असा निकाल देऊन टाकला.

यातली मौज अशी की कोणाचेही म्हणणे संपूर्ण खोटे नव्हते. टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते, त्यामुळे वरचा थर किंचित निघतो आणि काच चमकते. डासांच्या मलमातले डीट नावाचे रसायन प्लास्टिकचा पृष्ठभाग चक्क विरघळवते, त्यामुळे तीही चमकते. ही चमक पुढच्या काही आठवड्यांत मावळते, एवढा तपशील तेवढा सांगणाऱ्यांच्या बोलण्यातून निसटतो. आपण जिला काच म्हणतो ती मुळात काच नसतेच. ते पॉलिकार्बोनेट असते. १९५३ साली जर्मनीत सापडलेले हे प्लास्टिक दगड लागला तरी सहसा फुटत नाही, म्हणून बुलेटप्रूफ तावदानांपासून पाण्याच्या वीस लिटरच्या जारपर्यंत ते सर्वत्र वापरले जाते. त्याला सर्वांत बाधते ते ऊन. म्हणून कारखान्यात त्यावर अतिनील किरणांपासून बचाव करणारा एक पातळ थर चढवलेला असतो, आणि ठाण्याचे ऊन तो थर चाटूनपुसून संपवते. मग खालचे प्लास्टिक पिवळे पडते. टूथपेस्टने पिवळेपणा गेला तरी गेलेला थर परत येत नाही, हे मी काकांना समजावून सांगितले. त्यावर त्यांनी कोणत्या टूथपेस्टने येईल असे विचारले.

मेव्हण्यांच्या समाधानासाठी मी स्टेशनकडच्या एका दुकानात बल्ब पाहायला गेलो. तिथे भिंतीवर एक फळी, फळीवर ओळीने बल्ब आणि प्रत्येकाखाली एक बटण होते. पैठणीच्या दुकानातला विक्रेता हळूहळू वरच्या फडताळाकडे सरकतो, त्याच चालीने दुकानदाराने सुरुवात केली : “साहेब, हा तीन हजारवाला, पिवळा, हा आता कोणी घेत नाही. हा त्रेचाळीसशेचा. हा सहा हजारचा, सध्या हाच चालतो. आणि हा आठ हजारचा, बघा तरी!” हे आकडे केल्विनचे, म्हणजे रंगाचे असतात, उजेडाचे नव्हेत, पण आकडा वाढला की माल सरस, ही आपली समजूत इतकी पक्की आहे की खोक्यावर केल्विन ठसठशीत आणि खरा उजेड सांगणारे ल्युमेन मुंगीच्या अक्षरात छापलेले असतात. मेणबत्ती साधारण १९०० केल्विनची, साधा हॅलोजन ३२०० च्या आसपास आणि भर दुपारचे ऊन ५५०० चे. तेव्हा सूर्यालाही जे जमलेले नाही ते आठ हजारवाला बल्ब करून दाखवणार होता. त्याने बटण दाबले. फळीवर निळाशार झगमगाट झाला आणि दुकानातले दोघे गिऱ्हाईक देवदर्शन झाल्यासारखे गप्प झाले.

माझे मत असे आहे की आठ हजारवाला दिवा रस्ता पाहण्यासाठी नसतोच, तो रस्त्याला आपण दिसावे म्हणून असतो. हॅलोजनवर निळा लेप देऊन जो “पांढरा” प्रकाश मिळवतात, तो लेप त्यातला पिवळा-तांबडा भाग अडवतो. म्हणजे जास्त पैसे देऊन आपण कमी उजेड घरी आणतो. आधीच ओला डांबरी रस्ता आपला प्रकाश आपल्याकडे परत न पाठवता पुढच्या पुढे ढकलून देतो. समोर पावसाच्या धारा तेवढ्या चकाकतात. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत गाड्यांचे दिवे कायद्यानेच पिवळे असत, आणि तिथल्या लोकांना रस्ते सापडत नव्हते असे कोणी म्हटलेले नाही. राहिली एलईडी. आमच्या गाडीला एच-फोर बल्ब लागतो, ६०/५५ वॅटचा, ज्यात अपर (लांबचा उजेड) आणि डिपर (जवळचा उजेड) यांच्या दोन तारा ठरलेल्या जागी असतात आणि बल्बमागचा आरसा त्या जागांच्या हिशेबाने घडवलेला असतो. तिथे दुसऱ्याच घडणीचा एलईडी खोचला की प्रकाश वाटेल तिकडे जातो, मुख्यतः समोरच्याच्या डोळ्यांत. त्यात काच धुरकट असेल तर विचारायलाच नको. बल्ब जितका जोरदार, तितका उजेड काचेतच विखुरतो.

म्हणून शेवटी मी वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, आणला; त्याचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. दिव्याभोवतीच्या रंगाला ओरखडा पडू नये म्हणून मास्किंग टेप लावली, आणि १००० नंबरच्या कागदाने, मगातले पाणी सोडत सोडत, आडवे घासायला सुरुवात केली. पहिल्या काही हातांतच पिवळट दुधाळ पाणी ओघळून बंपरवर उतरू लागले. या टप्प्यावर काच आधीपेक्षा भयानक दिसते. पूर्ण पांढरी, खरखरीत, एकसारखी आंधळी. हे असेच होते, हे मला ठाऊक होते, पण परिसंवादाला ठाऊक नव्हते. “अहो, होती ती बरी होती,” असे वरच्या गॅलरीतून घरचे मतही जाहीर झाले. मग १५००, मग २०००, मग ३०००, प्रत्येक वेळी दिशा बदलून, आधीच्या कागदाचे ओरखडे नाहीसे होईपर्यंत. आणि अखेरीस रबिंग कंपाउंड, म्हणजे चकाकी आणणारी लेई, लावून गोल गोल हात फिरवताना आतला बल्ब, त्यामागचा आरसा, आरशाच्या कडेला अडकलेला एक कोळ्याचा धागा, सगळे हळूहळू दिसू लागले. खरे काम त्यानंतरचे, अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप, मारण्याचे. तो मारला नाही तर एवढ्या घासण्याला काही अर्थ उरत नाही. पण तो फवारायला जेमतेम वेळ लागत असल्यामुळे प्रेक्षकांनी त्याची दखल घेतली नाही.

बल्ब तसाच साधा हॅलोजनचा, नवा घातला, काचेला बोट न लावता. बोटाचे तेल लागले की तापल्यावर बल्ब तिथेच दगा देतो. रात्री कंपाउंडच्या भिंतीसमोर गाडी उभी करून डिपरची रेघ दोन्हीकडे सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवले. घाटात आता खड्डा मणक्याच्या आधी डोळ्यांना दिसतो, एवढाच फरक पडला. खड्डा आहे तिथेच आहे. मेव्हण्यांना उजेड “जरा जुन्या पद्धतीचा” वाटला. वॉटर पेपर मात्र उरला आहे, त्यामुळे येत्या रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या गाडीचा नंबर लागला असून, टूथपेस्ट आपण स्वतः आणू, असे त्यांनी मोठ्या मनाने कळवले आहे.